वाइड अँगलचा फोटो वीतभर अंतरावर ठरतो

फोनच्या कॅमेऱ्यात ०.५ किंवा ०.६ चं बटण दाबून वाइड लेन्सवर गेलं की समोरचं सगळं एकदम फ्रेममध्ये येतं आणि फोटो नेमका तिथेच फसतो. समोरचा मोठा डोंगर टेकाडाएवढा दिसतो, माणसं कुठेतरी मधोमध बारीक होऊन बसतात आणि खालचा निम्मा फोटो नुसत्या रिकाम्या जमिनीचा येतो. दोन-चार वेळा असं झालं की ही लेन्स आपल्या कामाची नाही असं ठरवून माणूस परत १ वर येतो. हे पाहून मला वाईट वाटतं, कारण फोनवरच्या सगळ्या लेन्समध्ये दृश्याची खोली सर्वांत ठळकपणे दाखवणारी हीच लेन्स आहे. फक्त तिला ‘सगळं मावायला हवं’ या कामाला जुंपायचं नाही. एखाद्या वस्तूच्या अगदी जवळ जायचं आहे आणि तरीही मागचा परिसर सोबत हवा आहे, हे तिचं खरं काम.

हिशेब करून पाहू. समोर १० मीटरवर ६ मीटर उंचीचं झाड आहे आणि तुमच्यापासून १ मीटरवर वीतभर, म्हणजे २० सेंमी उंचीचा दगड. फोन उभा धरून १३ मिमीच्या, म्हणजे ०.५ च्या, वाइड लेन्सने फोटो घेतला, तर दगड फ्रेमच्या उंचीच्या साडेसात टक्के जागा घेतो आणि झाड २२ टक्क्यांच्या आसपास. आता फोन दगडापासून ५० सेंमीवर आणा. दगड १५ टक्के झाला, झाड होतं तेवढंच. अजून वीतभराहून थोडं जास्त पुढे सरका, २५ सेंमीवर. दगड ३० टक्के, म्हणजे झाडापेक्षा मोठा, आणि झाड अजूनही जवळपास तेवढंच. पाऊण मीटर सरकण्यात दगड चौपट झाला आणि मागचं दृश्य जागचं हललंही नाही. फोटोला पुढचा, मधला आणि मागचा असे थर मिळाले ते यातून. म्हणून वाइड लेन्सवर असताना आधी पायाजवळ बघावं. एखादा दगड, गवताचा झुपका, पायरीची कड, पाण्याचं डबकं, रस्त्यावरचा पांढरा पट्टा असं काहीतरी शोधून त्याच्यापासून अर्ध्या-पाऊण मीटरवर बसावं आणि मग मागचं दृश्य रचावं. जवळ ठेवण्याजोगं काहीच नसेल, तर बहुतेक वेळा १ किंवा २ वर चांगला फोटो मिळतो. तेव्हा वाइड सरळ सोडून द्यावी.

इतकं जवळ जायचं तर फोन खाली न्यावा लागतो. लेन्स फोनच्या वरच्या टोकाला असतात, त्यामुळे उभा फोन जमिनीवर टेकवला तरी लेन्स बारा-चौदा सेंमी वर राहते. फोन उलटा केला की ती जमिनीपासून दोन-तीन सेंमीवर येते. शटरसाठी आवाजाचं बटण वापरा किंवा ३ सेकंदांचा टायमर लावा. स्क्रीनवर बोट टेकवलं की उलटा धरलेला फोन हमखास हलतो.

कोणता आकडा कोणत्या लेन्सचा

१ असं लिहिलेला मुख्य कॅमेरासुद्धा वाइडच असतो. फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या मापाच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या हिशेबात तो साधारण २४ ते २६ मिमी भरतो आणि त्यातून कर्णाच्या दिशेने ८० अंशांच्या आसपास दिसतं. ०.५ किंवा ०.६ म्हणजे अल्ट्रा वाइड, १३ ते १६ मिमी; या लेखात नुसतं वाइड म्हटलं की हीच. त्यातल्या १३ मिमीला १२० अंशांच्या जवळपास दिसतं. फोनमध्ये ही दुसरी लेन्स तशी जुनी आहे. एलजीने २०१६ मध्ये जी५ या फोनमध्ये १३५ अंशांची लेन्स दिली होती, पण ती घरोघरी पोचली ती २०१९ पासून, सॅमसंगचा गॅलेक्सी एस१० आणि ॲपलचा आयफोन ११ आल्यावर. मागच्या दोन-तीन भिंगांपैकी वाइड कोणतं ते कळत नसेल, तर ०.५ वर जा आणि एकेका भिंगावर बोट ठेवून पाहा. ज्यावर बोट ठेवल्यावर स्क्रीन काळी होते ते. हे एकदा माहीत असलेलं बरं, कारण पुसायचंही तेच असतं आणि बोट आडवं येतं तेही त्याच्यावरच.

झूमच्या पट्टीवर ०.५ आणि १ यांच्या मधले आकडे दिसतात ते फसवे आहेत. ०.७ किंवा ०.९ ची वेगळी लेन्स फोनमध्ये नसते. फोन ०.५ चाच फोटो कापतो आणि ताणून मोठा करतो. ०.७ वर सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) साधारण निम्मा भाग वापरला जातो आणि ०.९ वर जेमतेम ३१ टक्के. १२ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर ते चारपेक्षाही कमी भरतात, बाकीचं सॉफ्टवेअर भरून काढतं. पानं चिखलासारखी एकजीव झाली, दूरच्या पाट्यांवरची अक्षरं फुटली, तर आधी हा आकडा तपासा. ०.९ हवं असेल तेव्हा १ वर जाऊन एक पाऊल मागे सरकणं केव्हाही चांगलं. क्रॉप करायचंच असेल तर ०.५ वर पूर्ण फोटो घ्या आणि नंतर निवांत कापा, तोटा तेवढाच होतो आणि कडा हातात राहतात.

कडेला माणसं जाड का दिसतात

याचं कारण समजलं की या लेन्सच्या निम्म्या तक्रारी मिटतात. अल्ट्रा वाइड भिंगातून सरळ रेषा मुळात बाहेर फुगलेल्या येतात. फोन फोटो साठवतानाच त्या सॉफ्टवेअरने सरळ करतो. पण एवढं मोठं दृश्य सपाट फोटोवर सरळ रेषांसकट बसवायचं, तर कडेच्या वस्तू बाहेरच्या दिशेने ताणल्या जातातच. हा लेन्सचा दोष नसून भूमितीचा नियम आहे, कितीही महाग फोन घेतला तरी तो लागू होतो. १३ मिमीवर फोन आडवा धरला तर गोल चेंडू मध्यावर गोलच राहतो. केंद्र आणि कड यांच्या निम्म्या अंतरावर तो सुमारे २० टक्के लांबट होतो, तीन चतुर्थांश अंतरावर ४० टक्के आणि अगदी कडेला ६५ टक्क्यांच्या आसपास. कोपऱ्यात तर जवळजवळ दुप्पट. ताण नेहमी केंद्रापासून बाहेर पडतो, म्हणून डाव्या-उजव्या कडेचा चेहरा रुंद होतो, वरच्या कडेजवळचं डोकं लांबट होतं आणि कोपऱ्यातला माणूस तिरपा ओढला जातो.

यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. ०.५ च्या फ्रेमचा मधला, लांबी-रुंदीने निम्मा भाग म्हणजेच १ ची फ्रेम. ताण २० टक्क्यांच्या आत हवा म्हणून तुम्ही सगळ्यांना त्या मधल्या भागात उभं करणार असाल, तर तीच माणसं त्याच जागेवरून १ वर बसतात आणि फोटो कितीतरी स्वच्छ येतो. वाइड तेव्हाच ठेवा जेव्हा माणसांभोवतालची जागाही फोटोत महत्त्वाची असते.

ग्रुप फोटोत मागे जायला जागाच नसेल आणि ०.५ शिवाय गत्यंतर नसेल, तर एका लांब रांगेऐवजी दोन किंवा तीन रांगा करा आणि पुढच्यांना बसवा. एरवी टोकाच्या लोकांना थोडं पुढे घेऊन अर्धवर्तुळ करायची सवय असते. इथे ते उलट करायचं. टोकाचा माणूस पुढे आला की तो मोठाही दिसतो आणि फ्रेमच्या आणखी कडेला सरकून ताणलाही जातो. त्याला अर्धं पाऊल मागे घेतलं की दोन्ही गोष्टी कमी होतात. दोन्ही बाजूंना एका माणसाच्या रुंदीएवढी जागा रिकामी सोडा. ती नंतर कापता येते.

चेहऱ्याचा क्लोजअप या लेन्सने घेऊ नये, आणि इथे दोष ताणाचा नाही, अंतराचा आहे. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण १२ सेंमी धरा. कॅमेरा नाकापासून ३० सेंमीवर असेल तर कान ४२ सेंमीवर पडतो, म्हणजे कानाच्या तुलनेत नाक ४० टक्के मोठं. दीड मीटरवरून हाच फरक ८ टक्के उरतो आणि चेहरा ओळखीचा दिसतो. वाइडवर चेहरा फ्रेमभर हवा तर इतकं जवळ जावंच लागतं, म्हणून नाक मोठं होतं. हात लांब करून घेतलेल्या सेल्फीतही तेच होतं.

पूर्ण उंचीचा फोटो मात्र वाइडवर सुंदर येतो. फोन कमरेच्या उंचीवर, अगदी सरळ धरा. पावलं खालच्या कडेजवळ येऊ द्या आणि डोक्याच्या वर भरपूर जागा सोडा. पाय थोडे लांब दिसतात, चेहरा मध्याकडे सुरक्षित राहतो. उभं राहून वरून खाली फोन झुकवला की याच्या बरोबर उलट होतं, डोकं मोठं आणि पाय तोकडे. लहान मुलांचे फोटो बहुतेक याच चुकीने बिघडतात. गुडघ्यावर बसा, एवढंच.

सरळ धरणे

वाइडवर फोन पाच अंश झुकला तरी भिंती पडताना दिसतात. सेटिंगमध्ये ग्रिड आणि लेव्हल ही दोन्ही चालू ठेवा. लेव्हल क्षितिज सरळ करून देते. फोन पुढे-मागे झुकलाय का, ते मात्र ग्रिडच्या उभ्या रेषा खांबांशी किंवा दाराच्या चौकटीशी ताडून बघावं लागतं. रेषा वरच्या बाजूला जवळ येत असतील तर फोन वर झुकलाय, खालच्या बाजूला येत असतील तर खाली.

उंच इमारत फोन न झुकवता मावेल का, याचाही हिशेब सोपा आहे. १३ मिमीवर फोन उभा आणि काटकोनात सरळ धरला, तर इमारतीपासूनच्या अंतराच्या १.३३ पट अधिक फोनची उंची एवढं वरपर्यंत दिसतं. १५ मीटर लांब उभे राहिलात आणि फोन दीड मीटरवर असेल तर साधारण २१ मीटर, म्हणजे सहा-सात मजले. त्याच जागेवरून १ वर साडेअकरा मीटरच दिसतात. याची किंमत म्हणजे फोटोचा खालचा निम्मा भाग जमिनीचा येतो. तिथे पायऱ्या, फरशीच्या रेषा किंवा पाण्यातलं प्रतिबिंब असेल तर ती जमीनच फोटोला जीव देते. नसेल तर खालचं कापून टाका. इमारत याहून उंच असेल तर थोडं झुकवून घ्या आणि नंतर स्नॅपसीड किंवा लाइटरूम या एडिटिंग ॲपमध्ये पर्स्पेक्टिव्ह (पडलेल्या उभ्या रेषा) दुरुस्त करा. दुरुस्तीत दोन्ही बाजूंचे कोपरे कापले जातात, म्हणून घेतानाच चारही बाजूंनी मोकळी जागा ठेवा. आणि थोडंसंच झुकलेलं तसंच ठेवू नका, ते चुकल्यासारखं दिसतं. झुकवायचंच असेल तर पार खाली उभं राहून, आकाशाकडे बघत, ठरवून झुकवा.

खोलीच्या आत हीच शिस्त आणखी कडक लागते. फोनची उंची १.१ ते १.३ मीटर ठेवा. डोळ्यांच्या उंचीवरून घेतलं तर खालचं फर्निचर टेबलांच्या नुसत्या वरच्या बाजूंसारखं दिसतं. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहा किंवा कोपऱ्यात शिरा. खुर्ची, टेबलाचं टोक, फुलदाणी अशी वस्तू फोटोच्या कोपऱ्यात येत असेल तर ती चक्क हलवा, नाहीतर ताणून भलतीच मोठी दिसते. घर विकायला किंवा भाड्याने द्यायला फोटो काढत असाल तर एक विनंती: १३ मिमीवर खोली असते त्याहून बरीच लांब भासते. सोबत १ वर घेतलेला एखादा फोटो ठेवा, बघणाऱ्याची फसगत होत नाही.

प्रकाश, फोकस आणि आडवी येणारी बोटं

बहुतेक फोनमध्ये मुख्य कॅमेऱ्याचं ॲपर्चर (भिंगाचं तोंड; आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं) एफ/१.६ ते एफ/१.८ च्या आसपास असतं आणि वाइडचं एफ/२.२ ते एफ/२.४. शिवाय वाइडचा सेन्सरही सहसा लहान. दोन्ही मिळून तिच्याकडे मुख्य कॅमेऱ्याच्या मानाने फारच कमी प्रकाश पोचतो. दिवसा फरक जाणवत नाही. संध्याकाळी आणि घरातल्या दिव्यांखाली कोपरे आधी बिघडतात, तिथे रंगीत ठिपके आणि पुसट तपशील दिसू लागतात, कारण कोपऱ्यांत मुळातच प्रकाश कमी येतो आणि सॉफ्टवेअर तो वाढवून दाखवतं. तेव्हा फोन कशाला तरी टेकवा, नाइट मोड वापरा, किंवा १ वर जा. आणखी एक पर्याय आहे, तो मला फार आवडतो. १ वर फोन उभा धरून एकाच जागेवरून डावीकडून उजवीकडे चार-पाच फोटो घ्या, प्रत्येकात मागच्या फोटोचा एक तृतीयांश भाग पुन्हा येऊ द्या, आणि संगणकावरच्या लाइटरूममध्ये ते जोडा. दृश्य वाइडएवढंच रुंद मिळतं आणि तपशील मुख्य सेन्सरचा. हलती माणसं किंवा लाटा असतील तर मात्र जोड दिसतात.

फोकसबाबत आधी तुमच्या फोनची कुवत जाणून घ्या. अनेक फोनमध्ये वाइडला ऑटोफोकस नसतो, फोकस कायमचा ठरवून दिलेला असतो. आयफोन ११ मध्ये तसंच होतं. ही भिंगं इतकी लहान असतात की साधारण अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. त्याहून जवळ गेलात की समोरची वस्तू पुसट. ०.५ वर जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर आळीपाळीने टॅप करा. चित्र किंचितही हललं नाही, तर फोकस ठरलेला आहे असं समजा आणि अर्ध्या मीटरची मर्यादा पाळा. वाइडला ऑटोफोकस असेल तर तीच लेन्स मॅक्रोसाठीही, म्हणजे अगदी जवळून घ्यायच्या फोटोंसाठीही, वापरली जाते. आयफोन १३ प्रो मध्ये ती २ सेंमीपर्यंत जवळ जाते. अशा फोनमध्ये तुम्ही १ वर असताना एखाद्या फुलाजवळ गेलात, की फोन न विचारता वाइडवर जातो आणि फ्रेम टुणकन उडी मारते. मागचं धूसर हवं असेल तर मॅक्रोचं फुलाचं चिन्ह दाबून ते बंद करा, थोडं मागे या आणि २ वर घ्या.

१२० अंशांत आकाश बहुतेक वेळा येतंच, आणि त्यामुळे कॅमेऱ्याचा प्रकाशाचा अंदाज चुकतो. ढगांवर टॅप करून एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, किंचित कमी करा; एक्सपोजरच्या पट्टीवर उणे ०.३ ते ०.७ पुरतं. जमीन थोडी काळोखी आली तर ती नंतर उजळता येते, पांढरे फटक ढग परत येत नाहीत. सूर्य फ्रेममध्ये असेल तर हिरवट ठिपके उमटतात. सूर्य फांदीच्या किंवा इमारतीच्या कडेआड अर्धा लपवा आणि त्याआधी भिंग मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने पुसा, कारण बोटाच्या तेलकट डागामुळे सबंध फोटोवर धुरकट पडदा चढतो. सूर्य पाठीमागे आणि खाली असेल तर तुमची सावली फोटोत शिरते. खाली बसा किंवा ती झाडाच्या सावलीत मिसळेल अशी जागा घ्या. आडवा फोन धरताना लेन्सच्या बाजूची बोटं मागे न ठेवता वरच्या-खालच्या कडांवर ठेवा. गुलाबी डाग कोपऱ्यात आला तर तो तुमच्याच बोटाचा.

व्हिडिओत वाइडचा एक गुण उपयोगी पडतो: पुढे चालत घेतलं की वेग जास्त भासतो, विशेषतः फोन जमिनीजवळ किंवा भिंतीलगत असेल तर. फोन बाजूला फिरवताना मात्र अगदी सावकाश. स्टॅबिलायझेशन (हादरे कमी करणारी सोय) फ्रेमचा मधला भाग स्थिर ठेवतं, पण ताणलेले कोपरे जेलीसारखे थरथरतात. संध्याकाळनंतर वाइडवर चालत व्हिडिओ घेऊ नका, शटर मंदावतं आणि प्रत्येक पावलाला चित्र पुसट होतं.

सेटिंगमध्ये लेन्स करेक्शन किंवा डिस्टॉर्शन करेक्शन नावाचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा. इमारती आणि खोल्यांसाठी तर हवाच. झाडं, खडक, ढग अशा विषयांना सरळ रेषा नसतात, तिथे तो बंद करून पाहायला हरकत नाही, कोपरे कमी ताणले जातात. रॉमध्ये, म्हणजे फोनने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, घेत असाल तर काही ॲपमध्ये ही दुरुस्ती आपोआप होत नाही. फोटो उघडल्यावर रेषा वाकलेल्या आणि कोपरे काळवंडलेले दिसले तर फोन बिघडलेला नाही, त्या भिंगाचं मूळ चित्रच तसं असतं. एडिटिंग ॲपमधलं लेन्स प्रोफाइल चालू केलं की ते सरळ होतं.